रिफर्बिश्ड म्हणजे नेमके काय केलेले?

भंडारा-पवनी रस्त्यावरच्या अड्याळात मोबाइल-लॅपटॉपच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले की ‘रिफर्बिश्ड’ या शब्दाबद्दल दोन मते कानावर पडतात. पहिले वडीलधाऱ्यांचे: जुने ते जुनेच, वरून पॉलिश मारले आहे, पैसे घालवू नका. दुसरे पोरांचे: नव्यासारखेच असते, तपासून दिलेले असते, निम्म्या किमतीत मिळते. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात आणि दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. रिफर्बिश्डपणा हा त्या वस्तूच्या अंगचा गुण आहे असे दोघेही धरून चालतात. एकाला तो गुण खोटा वाटतो, दुसऱ्याला खरा, एवढाच फरक.

लाल, जड, सहा इंची हे वस्तूचे गुण झाले. ‘रिफर्बिश्ड’ हा शब्द ‘उधार’ आणि ‘गहाण’ यांच्या जातीचा आहे. गहाण पडलेल्या बांगडीतले आणि हातातल्या बांगडीतले सोने सारखेच असते. वेगळा असतो तो माणसामाणसांतला व्यवहार. रिफर्बिश्ड फोनचेही तसेच. त्या शब्दात तीन प्रश्नांची उत्तरे असायला हवीत: काय केले, कोणी केले, आणि पुन्हा बिघडले तर भुर्दंड कोणाचा? ही उत्तरे दिली नाहीत तोवर तो शब्द रिकाम्या डब्यासारखा आहे. वाजतो मात्र छान. यातून आणखी एक गोष्ट निघते, ती ऐकायला विचित्र वाटेल. तोच फोन, त्याच विक्रेत्याकडून, त्याच किमतीला घेतला तरी पुण्यात तो जितका रिफर्बिश्ड असतो तितका अड्याळात नसतो.

कायद्याच्या तीन खिडक्या

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण ‘कायद्यात असेलच काहीतरी’ या भरवशावर पुष्कळ खरेदी होते.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत रिफर्बिशिंगची व्याख्या आहे. तिचा मथितार्थ असा: वापरलेले उपकरण दुरुस्त करून किंवा जुळवून, ज्या कामासाठी ते मुळात बनले त्याच कामासाठी त्याचे आयुष्य वाढवणे आणि ते बाजारात विकणे. हे काम करणाऱ्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची. उपकरण रिफर्बिश झाले की मूळ उत्पादकावरची कचरा-पुनर्प्रक्रियेची जबाबदारी पुढे ढकलली जाते, आणि वाढीव आयुष्य संपल्यावर त्यातली ७५ टक्केच त्याच्या खात्यावर चढते. व्यवस्था चांगली आहे. पण ती कचऱ्याच्या खिडकीतून पाहते. वस्तू उकिरड्यावर उशिरा जावी एवढीच तिची काळजी. घेणाऱ्याच्या हातातल्या डब्यावर ते वाढलेले आयुष्य कुठे छापलेले नसते.

दुसरी खिडकी फसवणुकीची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या कलम २(४७) नुसार जुनी, वापरलेली, पुन्हा बांधलेली किंवा नूतनीकरण केलेली वस्तू नवी म्हणून खपवणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९८६ च्या कायद्यातही हे होते. म्हणजे जुन्याला नवे म्हणू नका. पण जुन्याला ‘नूतनीकरण केलेले’ म्हणायचे असेल तर किती नूतनीकरण झालेले असावे, याचे माप ते कलम देत नाही.

तिसरी खिडकी कराची, आणि मला तीच सर्वांत बोलकी वाटते. वापरलेल्या वस्तूंचा व्यापारी जीएसटी नियम ३२(५) खाली विक्रीच्या पूर्ण किमतीऐवजी खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरू शकतो. अट अशी की वस्तू आहे तशी विकावी, किंवा तिच्यावर इतकीच किरकोळ प्रक्रिया करावी की तिचे स्वरूप बदलणार नाही. आता दुकानातली पाटी आठवा. तिथे तीच वस्तू ‘पूर्ण नवजीवन मिळालेली’ असते. सवलतीच्या रकान्यात किरकोळ प्रक्रिया आणि जाहिरातीत कायापालट. हे बेकायदा आहे असे मी म्हणत नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, इतका हा शब्द सैल आहे.

सैल शब्द आवळता येतो, याचे उदाहरण फ्रान्सचे आहे. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने एका आदेशाने ‘रिकंडिशन्ड’ या अर्थाचा फ्रेंच शब्द विक्रीत कधी वापरता येईल ते ठरवून दिले. वस्तूच्या सगळ्या कार्यांची चाचणी झालेली हवी आणि गरज पडेल तिथे दुरुस्ती झालेली हवी. आणि अशा वस्तूला ‘नव्यासारखी’ म्हणायला थेट मनाई केली. आपल्याकडे पाटीवरचा सगळ्यांत मोठा शब्द नेमका तोच असतो.

एका पाटीखाली किती वस्तू

सैलपणाचा परिणाम असा की एकाच पाटीखाली ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशा वस्तू येतात. ग्राहकाने डबा उघडून चार दिवसांत परत पाठवलेला फोन. शोरूमच्या टेबलावर वर्षभर रात्रंदिवस उजळत राहिलेला डेमो पीस. एक्स्चेंजमध्ये आलेला, दोन वर्षे वापरलेला. हिंजवडीच्या किंवा हैदराबादच्या कंपनीने तीन वर्षे भाड्याने वापरून गठ्ठ्याने परत केलेले लॅपटॉप. आणि पाण्यात पडून मेलेला, मग बोर्डावरची आयसी बदलून जिवंत केलेला फोन. यांतला पहिला मी डोळे झाकून घेईन, शेवटचा फुकट मिळाला तरी विचार करीन. पाटी मात्र एकच.

खुद्द उत्पादकाने केलेले काम आणि तिऱ्हाइताने केलेले काम यांतला फरकही ही पाटी पुसून टाकते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये मॉडेल क्रमांकाचे पहिले अक्षर पाहिले तर ‘एम’ म्हणजे दुकानात नवा विकलेला, ‘एफ’ म्हणजे ॲपलने स्वतः रिफर्बिश केलेला, ‘एन’ म्हणजे बदलून दिलेला. अमेरिकेत ॲपल असे ‘एफ’ फोन नवी बॅटरी, नवे बाह्य आवरण आणि वर्षाच्या हमीसह विकते. २०१६ साली तिने वापरलेले आयफोन भारतात आणून विकायची परवानगी मागितली होती, सरकारने नाकारली. तेव्हा आपल्या बाजारात रिफर्बिश्ड म्हणून मिळणारा आयफोन बहुधा तिऱ्हाइताने दुरुस्त केलेला असतो, आणि त्याचे पहिले अक्षर ‘एम’च राहते. या शब्दाचा सर्वांत काटेकोर अर्थ इथे विकायलाच आला नाही. त्याची अब्रू तेवढी आली.

मोटरच्या वाइंडिंगवाल्याकडे कसे बोलतात

कोणी म्हणेल, सामान्य गिऱ्हाइकाला एवढे तपशील कुठे कळतात? हे मला मान्य नाही. भंडारा हा धानाचा जिल्हा आहे, आणि उन्हाळी धान पंपावर उभे असते. व्होल्टेज पडते, मोटर जळते, आणि शेतकरी ती खांद्यावर नाहीतर गाडीला बांधून वाइंडिंगच्या दुकानात आणतो. तिथला संवाद ऐकण्यासारखा असतो. तार तांब्याची टाकणार की ॲल्युमिनियमची? किती किलो बसेल? फेरे जुने मोजून घेतले का? बेअरिंग दोन्ही बदलणार की एकच, आणि कोणत्या कंपनीचे? व्हार्निश मारून नीट भाजणार ना, की ओलीच देणार? जळके तांबे माझे, त्याचे पैसे मजुरीतून कापा. आणि शेवटी: जळली तर? कारागीर म्हणतो, ‘वाइंडिंग फुटली तर माझी जिम्मेदारी जी, व्होल्टेजनं गेली तर तुमची.’

या शेतकऱ्याने विद्युत अभियांत्रिकी शिकलेली नसते. पण दुरुस्त वस्तूबद्दल जे विचारायचे ते सगळे तो विचारतो: कोणता भाग, कोणत्या प्रतीचा, कोणी बसवला, जोखीम कुठे तुटते. त्यातला ॲल्युमिनियमचा प्रश्न तर फार पुढचा आहे. मुलामा दिलेली तार एकदा गुंडाळून व्हार्निश चढवली की वरून कळणे कठीण. कळते ते वजनावरून आणि पुढे मोटर किती तापते त्यावरून. म्हणून तो आधीच विचारतो. जे नंतर दिसणार नाही ते आधी बोलून घ्यावे, ही अक्कल त्याने जळक्या मोटरींवर कमावली आहे.

याहून जुनी भाषाही या जिल्ह्यात आहे. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले. जुने भांडे नेले की कासार ते काट्यावर टाकायचा, मोडीचा भाव निघायचा, घडणावळ वेगळी लागायची. कल्हई तर डोळ्यांसमोर व्हायची: भाता, निखारे, नवसागराचा पांढरा धूर, कथिलाचा बारीक तुकडा आणि कापसाच्या बोळ्याने फिरलेली चांदी. ती नूतनीकरणच होती. पण कल्हई केलेल्या पातेल्याला ‘नव्यासारखे’ कोणी म्हणत नसे. ‘कल्हई केलेले’ म्हणत. कामाचे नाव वस्तूला चिकटलेले असायचे. वाइंडिंग केलेली मोटर, रिमोल्ड केलेला टायर, पाजवलेला फाळ. शब्द ऐकला की काय केले ते कळायचे.

रिफर्बिश्ड हा या माळेतला पहिला शब्द, जो काम झाल्याचे सांगतो आणि काम लपवतो. तोच शेतकरी, जो मोटरच्या तारेचा धातू विचारतो, फोन घेताना ‘बिल-डबा आहे का’ एवढेच विचारून गप्प बसतो. त्याची अक्कल कमी झालेली नाही. त्याच्यासमोर कारागीर नाही, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला डबा आहे. डब्याशी घासाघीस करता येत नाही.

आणि विचारायचेच म्हटले तर फोनमध्येही तारेच्या धातूसारख्या गोष्टी आहेत. डिस्प्ले, ज्याला दुरुस्तीवाले फोल्डर म्हणतात, तो मूळ कंपनीचा आहे की कॉपी? ओएलईडीच्या जागी स्वस्त एलसीडी बसवली आहे का? फोन एकदा उघडला की कडेचा चिकट सील तुटतो. तो पुन्हा नीट बसवला नसेल तर ‘वॉटरप्रूफ’ हे जाहिरातीतले अक्षर उरते. नव्या आयफोनची सेटिंग्ज ‘अज्ञात भाग’ असे स्वतःच सांगतात. लॅपटॉपच्या एसएसडीत ती किती तास चालली याची नोंद असते. माहिती असतेच, ती काउंटरच्या अलीकडे येत नाही.

म्हातारपण तीन प्रकारचे

इथे ‘नव्यासारखे’ म्हणणाऱ्यांच्या मुद्द्याला हात घालतो. उपकरण तीन तऱ्हांनी म्हातारे होते, आणि दुरुस्ती तिन्हींवर सारखी चालत नाही.

पहिले म्हातारपण झिजेचे: बटणे, चार्जिंगचा पॉइंट, बिजागरी, काच. हे भाग बदलून पुरते मागे फिरवता येते. यात रिफर्बिश्डवाल्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे.

दुसरे रसायनाचे. लिथियम-आयन बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते, आणि उष्णतेत लवकर होते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जाणाऱ्या आमच्या भागात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेली ‘नवी’ बॅटरी किती नवी, हा प्रश्न पुस्तकी नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नव्या फोनच्या बॅटरीने ८०० चार्ज-चक्रांनंतरही ८० टक्के क्षमता राखावी असा नियम केला. म्हणजे बॅटरी हा मोजता येणारा आणि मोजून सांगता येणारा भाग आहे. बॅटरी बदलता येते. पण कॉपी बॅटरीच्या चिपमध्ये ‘१०० टक्के’ लिहून ठेवणेही जमते, तेव्हा आकड्याच्या मागे कोण उभे आहे हे पुन्हा आलेच.

तिसरे म्हातारपण सॉफ्टवेअरचे, आणि त्याच्यावर कुठल्याही स्क्रू-ड्रायव्हरची मात्रा चालत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरवर चालते आणि त्याला टीपीएम २.० लागते. सहाव्या-सातव्या पिढीचे, दणकट बांधणीचे कंपनी-लॅपटॉप मात्र बाजारात ढिगाने आहेत. आमच्या नात्यातल्या एका मुलीला गेल्या वर्षी असाच एक घेतला. कीबोर्ड चकचकीत, तळाशी नवे स्टिकर, ‘ग्रेड ए’. विंडोज ११ आडमार्गाने चढवलेले. झिजेच्या हिशेबाने तो तरुण होता. सॉफ्टवेअरच्या हिशेबाने त्याला अधिकृत वारस नव्हता. विक्रेता खोटे बोलला का? नाही. त्याने ग्रेड दिला तो पत्र्यावरच्या चऱ्यांना. फोनचेही तसेच. अँड्रॉइड ४.४ वर चालणाऱ्या फोनवरून व्हॉट्सॲपने २०२५ च्या सुरुवातीला काढता पाय घेतला. असा फोन कितीही स्वच्छ पुसा.

म्हणून ‘नव्यासारखे’ हा शब्द फ्रान्सने बंद केला ते योग्यच केले असे मला वाटते. पहिले म्हातारपण मागे जाते, दुसरे भाग बदलला तर जाते, तिसरे जात नाही. ग्रेड मात्र पहिल्यालाच मिळतो, कारण तेच फोटोत दिसते.

उलट ‘जुने ते जुनेच’ म्हणणाऱ्यांनाही एक उत्तर द्यायला हवे. नव्या उपकरणांत दोषाचा एक मोठा वाटा पहिल्या काही महिन्यांतच उघड होतो: कच्चे टाके, सदोष सुटे भाग. ज्याने दोन वर्षे बिनबोभाट काम केले ते उपकरण ही परीक्षा पास झालेले असते. त्या अर्थाने नीट तपासलेला जुना लॅपटॉप स्वस्तातल्या नव्या लॅपटॉपपेक्षा भरवशाचा ठरू शकतो, आणि मी स्वतः पुष्कळदा तोच निवडीन. अट एकच: तो उघडून त्यात नवे टाके मारले असतील तर ती परीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे ‘काही केले नाही, फक्त तपासले’ हे उत्तर कधीकधी ‘पुष्कळ केले’ यापेक्षा चांगले असते. फिरून पहिल्याच प्रश्नापाशी: काय केले?

वॉरंटीला अंतर असते

आता त्या विचित्र वाटणाऱ्या विधानाकडे येतो. रिफर्बिश्डचा सगळा भार शेवटी तिसऱ्या प्रश्नावर पडतो, भुर्दंड कोणाचा. त्याचे छापील उत्तर म्हणजे वॉरंटी: सहा महिने, कधी वर्ष. छापील मुदत सगळ्या देशाला सारखी. पण वॉरंटी ही मुदतीत मोजायची वस्तू नाही. ती वसूल करायला किती पडते, त्यात ती मोजायला हवी.

पुण्यात फोन बिघडला तर संध्याकाळी ऑफिसातून येताना दुकानात टाकायचा. अड्याळात बिघडला तर पहेल्यावरून भंडारा गाठायचे. तिथे त्या विक्रेत्याचे काही नसेल, आणि सहसा नसतेच, तर आणखी साठेक किलोमीटरवर नागपूर. एसटीचे जाऊन-येऊन भाडे, एका दिवसाची बुडालेली रोजी, आणि ‘ठेवून जा, आठ दिवसांनी फोन करू’ म्हटल्यावर तीच फेरी पुन्हा. कुरिअरने पाठवायचे म्हटले तर आपल्या पिनकोडवर माणूस घ्यायला येतो का हे आधी पाहायचे, मग डबा, बबल-पॅक, आणि पंधरवडाभर वाट. सात हजारांच्या फोनच्या दोन हजारांच्या बिघाडासाठी हा हिशेब बसत नाही. हिशेब बसत नाही म्हणजे हक्क सोडून दिला जातो. सोडून दिलेली वॉरंटी विक्रेत्याच्या नफ्यात पडते.

शिवाय त्या पंधरवड्याची किंमत इथे वेगळी आहे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली; शेतात उभे राहून फोटो काढायचा, तो याच फोनने. धान विक्रीची ऑनलाइन नोंदणी, पीएम-किसानची ई-केवायसी, बँकेचा ओटीपी, सगळे याच फोनवर. घरात फोन एकच. हंगामात पंधरा दिवस तो नागपुरात पडून राहणे म्हणजे मुदत चुकणे. शहरातल्या माणसाचा जुना फोन कपाटात असतो. इथे कपाटातला फोनच आता हातात आलेला असतो.

म्हणून म्हणतो: शब्दातला आश्वासनाचा भाग अंतराबरोबर पातळ होत जातो. पुण्यात त्याचे मूल्य पंधराशे असेल तर अड्याळात दोनशे. (हे आकडे माझ्या अंदाजाचे, दिशा अंदाजाची नाही.) तरी किंमत दोन्हीकडे तीच घेतली जाते.

यात एक गंमत आहे. बसस्टँडजवळचा दुरुस्तीवाला ‘रिफर्बिश्ड’ हा शब्द उच्चारत नाही. तो म्हणतो, ‘सेकंडहँड आहे जी, फोल्डर मीच टाकला, कॉपीचा आहे, बॅटरी नवी. काई झालं त घेऊन या.’ या दोन वाक्यांत तिन्ही उत्तरे आली. शब्द नसताना अर्थ पुरा आहे. पण त्याचे गोडवे गाताना भान ठेवले पाहिजे. त्याच्याकडे पक्के बिल नसते, आणि फोन कुठून आला याचा कागद नसतो. चोरीचा फोन असा पदरात पडू शकतो. निदान *#०६# दाबून पंधरा अंकी आयएमईआय काढावा आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तपासावा. पोर्टल २०२३ पासून सुरू आहे आणि काम मिनिटभराचे आहे. या दुरुस्तीवाल्याचा शब्द खरा असतो, माल खरा असेलच असे नाही. मोठ्या विक्रेत्याचे नेमके उलटे.

‘किंमतच सगळे सांगते’ म्हणणाऱ्यांना

बाजारावर श्रद्धा असलेला वाचक म्हणेल: एवढा खल कशाला? चांगला माल महाग, वाईट स्वस्त, किंमत पाहा. याचे उत्तर जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्येच देऊन ठेवले आहे, जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहून. २००१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. विकणाऱ्याला माल माहीत आहे आणि घेणाऱ्याला नाही, तेव्हा घेणारा सरासरी भावच देतो. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही, तो मागे हटतो; सरासरी आणखी घसरते. ‘जुने ते जुनेच’ हे आमच्या वडीलधाऱ्यांचे मत या प्रक्रियेचे फळ आहे. त्यांनी बाजाराकडून शिकायचे तेच शिकले. पाण्यातून काढलेला फोन आणि चार दिवसांत परत आलेला फोन एका पाटीखाली ठेवले की नुकसान प्रामाणिक विक्रेत्याचे आधी होते.

‘पन्नास पॉइंट तपासणी’ ही त्यावरची विक्रेत्यांची युक्ती. तीत काय-काय तपासले ते असते, काय निघाले ते नसते. डॉक्टरांनी रक्त, लघवी, छातीचा फोटो तपासला असे सांगून रिपोर्ट खिशात ठेवावा तसे.

गरिबाचा फोन महागेल?

हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. नियम घातले, कागद वाढवले की पाच हजारांचा फोन सहाचा होईल, आणि ज्याला पाचचाच परवडत होता त्याच्या हातात काही राहणार नाही. खरे आहे. म्हणून दर्जाची किमान पातळी सक्तीने ठरवा असे मी म्हणत नाही. कॉपी डिस्प्लेचा फोन खुशाल विका. कुणाला तोच हवा असतो. ॲल्युमिनियमच्या तारेची मोटरही लोक जाणूनबुजून घेतात, एका हंगामापुरती. मागणी इतकीच की ती कॉपी आहे हे सांगा. ही माहिती नव्याने गोळा करायची नाही; कोणता भाग बदलला हे बदलणाऱ्याला माहीत असतेच, त्याने सुट्या भागाचे पैसे मोजलेले असतात. छापायला लागतो तो एक स्टिकर. एका स्टिकरने फोन हजाराने महागत असेल, तर ते हजार माहिती लपवण्याचे होते.

कचऱ्याचा मुद्दाही याच धाटणीचा. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच नोंद होऊन रीतसर गोळा केला गेला. फोनच्या आयुष्यातले बहुतेक कार्बन उत्सर्जन तो बनवतानाच होते. तेव्हा जुने वापरणे चांगले, यात वाद नाही. पण पर्यावरणाचा लाभ ‘रिफर्बिश्ड’ म्हटल्याने मिळत नाही, वाढलेल्या वर्षांनी मिळतो. चार महिन्यांत बंद पडलेला फोन नव्या फोनची खरेदी चार महिने लांबवतो, आणि मधे एक कुरिअर, एक डबा, एक कॉपी डिस्प्ले जास्त खातो.

स्टिकरवर काय हवे

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, आणि दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला. दिशा बरी आहे. पण तो निर्देशांक नवी वस्तू किती सहज दुरुस्त होईल ते सांगेल. दुरुस्त होऊन आलेल्या वस्तूत काय झाले आहे ते नाही. ती जागा मोकळीच राहते.

त्या जागी पोस्टकार्डाएवढा स्टिकर पुरे. वस्तू कुठून आली: परत आलेली, भाड्याची, एक्स्चेंजची, की बिघडलेली. उघडली होती का. कोणते भाग बदलले, आणि ते मूळचे की कॉपी. बॅटरीची मोजलेली क्षमता, मोजल्याच्या तारखेसह. शेवटचे सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्याचे आणि पुढे मिळणार का. दुरुस्त करणाऱ्याचे नाव व नोंदणी क्रमांक. आणि वॉरंटी किती महिने यापेक्षा मोठ्या अक्षरांत, ती घ्यायची कुठे: या पिनकोडपासून सर्वांत जवळचे ठिकाण, किलोमीटरसह.

दिवाळीनंतर अड्याळातल्या एका दुकानात मी लॅपटॉपचा डबा हातात घेऊन यातले पहिले तीन प्रश्न विचारून पाहिले. दुकानदार मनुष्य सरळ. त्याने डबा उलटा केला, बाजूने पाहिला, चष्मा कपाळावर ढकलून तळाचे स्टिकर डोळ्यांजवळ नेले आणि माझ्यापुढे धरले. त्यावर बारकोड होता, ‘ग्रेड ए’ होते आणि वजन होते. ‘नागपूरहून एवढंच लिहून येते जी,’ तो म्हणाला, आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे वळला.